मशीन कुणाशी बोलत नाही

तुमच्या मासिकाच्या या सदरातले गूढ अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर आजवर त्यातला एकही मी खरा मानलेला नाही. माझी सगळी नोकरी कॉम्प्युटरपुढे गेली. आत जे भरलं तेच बाहेर येतं, न भरलेलं येत नाही – माझी श्रद्धा एवढीच. आई दृष्ट काढायला लागली की मी पानावरून उठून जायचो. आज मीच लिहायला बसलोय. भीती वाटते म्हणून नाही... भीती तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, आणि तेच जास्त सलतं.

नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांमधली गोष्ट. मी मूळचा साताऱ्याचा. एका विद्यापीठाचं सांगलीत छोटं केंद्र होतं (नाव लिहीत नाही). बाहेरून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांची माहिती कागदांवरून कॉम्प्युटरवर घ्यायची आणि सांभाळायची, हे माझं काम. एसीची एकच खोली, तिथे हे मशीन. दाराबाहेर चपला काढल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही, प्राचार्यांनासुद्धा. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ. व्हरांड्याकडे उघडणारी एक खिडकी, तिथे विद्यार्थी उभे राहायचे.

आज ज्याला डेटा प्रायव्हसी म्हणतात तो शब्द तेव्हा आम्ही ऐकलेला नव्हता. पासवर्ड सगळ्यांचा एकच, शिपायालाही पाठ. कुणाचा पत्ता कुणाला द्यायचा नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण ती सबब मी सांगणार नाही. कारण मला एका बाईने तोंडावर सांगितलं होतं.

तिला मी सुमन म्हणतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नोंदणी झाली तेव्हा पत्ता सासरचा होता, तासगावच्या बाजूच्या एका गावचा. तो बदलून मिरजेचा करायला ती आली. तिकडे एका दवाखान्यात कामाला लागले म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत होती. तो सरकला तेव्हा दिसलं, डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. टाके घातलेले, पण दोन्ही बाजू नीट जुळलेल्या नव्हत्या.

"सर, हा पत्ता कोण कोण बघतं?"

"कुणी नाही. मशीनमध्ये राहतो."

"सासरचे येतील विचारायला. त्यांना कळलं तर मला परत नेतील. या वेळी..." ती थांबली.

मी हसून म्हणालो, "बाई, हे मशीन आहे. मशीन कुणाशी बोलत नाही."

तीही हसली. मी पत्ता टाईप केला, तिने खिडकीतून वाकून बघितला आणि मान हलवली. मिरजेतली एक गल्ली, दवाखान्याच्या मागची खोली. मला आजही पाठ आहे.

पुढे परीक्षा जवळ आली तेव्हा एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर दोघं आले. एक साठीचा म्हातारा, धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. बरोबर तिशीचा एक जण, पॅन्ट-शर्टातला. खिडकीशी न थांबता दाराकडे आले आणि चपला काढून, हात जोडून उभे राहिले.

"सायेब, येऊ का आत?"

आमच्याकडे माणूस दारात आला की पहिला प्रश्न असतो, गाव कोणतं. मी तो विचारला आणि त्यांनीही मला विचारला. सातारा म्हटल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"आवं, सातारला तर आमची थोरली दिलीया! करंज्याला! म्हंजी तुमी आमचं पाव्हणंच झालासा की."

"मग काय तर," असं मीही म्हणालो. शिपायाला चहा सांगितला. असं एकदा नातं लागलं की त्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं... निदान मला जायचं. म्हाताऱ्याने पिशवीतून बेदाण्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"घरचं हाय, शेडवरचं. वैनीसायबांस्नी द्या."

"कशाला आणलंत हे?"

"ऱ्हावू द्या वो. पाव्हण्याकडं काय मोकळ्या हातानं यायचं?"

मग काम निघालं. सुमन म्हणे त्याची धाकटी लेक. रागावून निघून गेली, मैत्रिणीकडे कुठेतरी राहते. "आय हातरुणाला खिळलीया सायेब. सारकी सुमी सुमी करतीया. येकडाव भेट घडवायची, दुसरं काय न्हाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मला ती आठवली. कान आठवला. हे सासरचेच असणार, हेसुद्धा मनात आलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "पत्ता सांगता येत नाही हो."

"पाव्हणं, मी पाया पडू का?" म्हणत तो खरंच वाकायला लागला.

मी नाव टाकून माहिती काढली. स्क्रीनवर पत्ता आला. मिरज, गल्ली, दवाखान्यामागची खोली – मी तो वाचला. वाचला याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नाही. मग मी मॉनिटर दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या खुर्च्यांकडे वळवला. स्वतः उठून खिडकीशी गेलो, बाहेर बघत उभा राहिलो. मी तोंडाने काही सांगितलं नाही, असा माझा हिशोब होता.

पाठीमागे धाकटा एकेक इंग्रजी अक्षर पुटपुटत होता. मी वळलो तेव्हा तो बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर लिहून संपवत होता.

"उपकार झालं पाव्हणं," म्हातारा म्हणाला. दोघांनी चपला घातल्या आणि गेले.

मी मॉनिटर परत वळवला. मिरजेचाच पत्ता होता.

मिरज काही लांब नाही. निघालो असतो तर त्यांच्या आधी पोचलो असतो. मी निघालो नाही. खुर्चीत बसलो, पुढच्या नोंदी घेतल्या. मध्ये मध्ये बेदाणे खाल्ले. गोड होते.

उन्हं कलायच्या आत शेजारचे जोशीकाका स्कूटरवरून ऑफिसला आले. "चला, आधी घरी चला. वहिनी पडल्यात."

आम्ही विश्रामबागेच्या पुढे, नव्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नुकत्याच. सामान अजून पोत्यांत होतं. वसुधा, माझी बायको, पायरीवर बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगट सुजून वाकडं झालेलं.

"दोन माणसं आली होती," ती म्हणाली. "सुमन कुठाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे सुमन नाही कुणी. तर एकाने हात माझ्या तोंडापुढे धरला. तळहातावर लिहिलं होतं... आपला पत्ता, अहो. प्लॉट नंबरसकट. म्हणाला, 'ह्योच पत्ता हाय न्हवं? मग कुठं दडीवलीसा?' चपला घालून स्वयंपाकघरात गेले. मोरीत बघितलं, कॉटखाली बघितलं. मी ओरडले तर म्हाताऱ्याने मनगट धरून पिरगळलं आणि ढकललं."

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो.

"आपला पत्ता त्यांना कुणी दिला?" तिने विचारलं.

"काय माहीत," मी म्हणालो.

काका पोलिसांत जाऊ म्हणत होते. मीच म्हटलं, चुकून आलेली माणसं, कुठे शोधायची. वसुधाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मिरजेला नेऊन प्लास्टर घालून आणलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी माहिती पुन्हा काढली. सुमन, मिरज, तीच गल्ली. मग मी मशीनला माझा घरचा पत्ता शोधायला लावला, सगळ्या फाइल्समध्ये, बॅकअपच्या फ्लॉपींमध्येसुद्धा. कुठेही नाही. असायचं कारणच नव्हतं. ऑफिसात माझा पत्ता साताऱ्याचा होता, नवा मी अजून कुणाला कळवलेला नव्हता. दोघंही मला त्या दिवसाआधी ओळखत नव्हते. माझा पाठलाग केला म्हणावं तर मी ऑफिसातच होतो. आणि पाठलाग करणारा माणूस पत्ता तळहातावर कशाला लिहील?

कुपवाडला माझा एक मित्र कॉम्प्युटर जुळवून विकायचा. आमचं मशीन त्यानेच बसवलेलं. त्याला मी अर्धवटच सांगितलं – एकाचा पत्ता उघडला आणि दुसराच दिसला, असं होऊ शकतं का?

"व्हय, हुतं की. शेजारची नोंद उघडली असशील."

"आणि तो पत्ता मशीनमध्ये कुठेच नसेल तर?"

तो पोट धरून हसला. "मग गड्या, मशीन न्हाई, तुलाच उघडून बघाय पायजे! आरं, भरलंय त्येच दाखवतंय ते. त्येला काय मन हाय व्हय?"

मीही हसलो.

प्लास्टर काढायला आम्ही मिरजेला गेलो तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. दवाखाना सुमनच्या गल्लीच्या बाजूचा, पण मी तो मुद्दाम निवडला नव्हता. काकांच्या ओळखीचा होता, आणि प्लास्टर घातलं त्या संध्याकाळी ती तिथे दिसली नव्हती. आतल्या खोलीत डॉक्टर म्हणाले, "सुमन, कात्री दे." तोंडाला मास्क बांधलेली एक बाई पुढे आली. वसुधाचा हात उशीवर नीट ठेवला, कडेने सावकाश कापत गेली. आज तिच्या डोक्यावर पदर नव्हता. कान दिसत होता.

तिने वर बघितलं आणि मास्क खाली ओढला. "अहो सर! तुम्ही? या मॅडम तुमच्या?"

"हो."

"कशाने झालं हो?" तिने वसुधाला विचारलं.

वसुधा म्हणाली, "पडले."

सुमनने ओल्या बोळ्याने मनगट पुसलं, प्रत्येक बोट हलवून बघितलं. परीक्षा चांगली गेली म्हणाली. मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "सर, माझा पत्ता कुणाला दिला नाहीत ना? सासरचे सांगलीला आले होते असं कानावर आलं. इथपर्यंत काही पोचले नाहीत."

वसुधाचं मनगट अजून तिच्या हातात होतं. वसुधा माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणालाच होता," सुमन हसली, "मशीन कुणाशी बोलत नाही."

परत येताना एसटीत वसुधा खिडकीशी बसली. विश्रामबाग येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "तिचा कान बघितलात?"

"बघितला."

त्यानंतर या विषयावर आमच्यात कधीच बोलणं झालं नाही. ती अजूनही त्या हाताने भरलेलं पातेलं उचलत नाही. मी उचलायला गेलो की शांतपणे बाजूला होते. सुमनने बी.ए. पूर्ण केलं. निकालाची नोंद मीच घेतली. ते दोघं परत कधी दिसले नाहीत. तो कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला, त्याआधी मी त्यातली प्रत्येक फाइल पुन्हा एकदा चाळली. मॉनिटर माझ्याकडे पाठ करून होता तेवढ्या वेळात त्यावर काय होतं, ते मला सांगता येत नाही. सांगणारा कुणी भेटलाही नाही.

वसुधाने पुन्हा विचारलं तर सांगेन, असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणत आलो. तिने विचारलं नाही.

हा अंक आमच्या घरी येतो. आधी ती वाचते.