यंत्रातली माझी जागा

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी पाथर्डीच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे. गणकयंत्राविषयी एका मासिकात वाचले आणि तेव्हापासून ते माझ्या मनात येऊन बसले. न पाहिलेल्या देवाचे ध्यान करावे, तसे मी त्याचे ध्यान करी. केवळ ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांवर अखंड चाललेले गणित! पहाटेचा जप संपला तरी डोळे मिटलेलेच राहत आणि आतल्या अंधारात असंख्य बारीक दिवे लागताना-विझताना दिसत. हे कोणाला सांगावे? घरच्यांना काळजी वाटली असती, गावाला हसू आले असते.

आमच्या शाळेचे विज्ञानशिक्षक मुंबईला प्रशिक्षणासाठी गेले असता असे यंत्र काचेआडून पाहून आले होते. रविवारी दुपारी, तारऑफिस बंद असताना, ते तेथल्या ओसरीवर तारमास्तरांशी त्याविषयी बोलत बसतात, असे कळले. एका रविवारी धीर करून मी तेथे गेलो.

“या शास्त्रीबुवा,” विज्ञानशिक्षक म्हणाले. “हे सगळं आपल्या पोथ्यांत आधीच होतं, हे सांगायला आलात ना?”

“पुष्पक इमान कुठं लावलं बुवा? भाईर यष्टीलाच जागा न्हाई,” तारमास्तर म्हणाले.

मला राग आला नाही. तसे सांगणारे मीही ऐकले होते. पण या दोघांनी मला त्यांतलाच एक समजून वाटेला लावले असते, तर या विषयावर बोलायला पंचक्रोशीत दुसरे कोणी नव्हते.

“मी फक्त ऐकायला आलो आहे,” मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विज्ञानशिक्षक म्हणाले, “मग बसा. आज आम्ही माणसांचं यंत्र मांडतो आहोत. तुम्ही मेमरी व्हा.”

मेमरीचे काम सोपे होते. सांगितलेला आकडा धरून ठेवायचा, विचारला की द्यायचा, नवा आला की जुना सोडायचा. स्वतःचे काही मिसळायचे नाही.

“एखाद्या अमावास्येची तारीख सांगा. वार सांगू नका, तो यंत्र काढील.”

मी पुढची एक तारीख सांगितली. विज्ञानशिक्षकांनी मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजून आजपासून तोवरचे दिवस काढले आणि तो आकडा माझ्या स्वाधीन केला. मग यंत्र सुरू झाले. मी धरलेला आकडा सांगे. त्यातून सात वजा होतील इतके उरले आहेत का, हे तारमास्तर पाहत. उरले असतील तर बाकावर बोटाने एक टकटक करीत. विज्ञानशिक्षक सात वजा करून नवा आकडा मला देत. ओसरीवर लिंबाची सावली हलत होती. टकटक, वजाबाकी, आकडा, पुन्हा टकटक. हळूहळू आवाज कोणाचा, हेही कळेनासे झाले. आम्ही तिघे मिळून काहीतरी एकच, शांत, विचार न करणारे असे झालो होतो.

टकटक थांबली. “बाकी?”

“पाच.”

“आज रविवार. म्हणजे शुक्रवार,” विज्ञानशिक्षक आनंदाने म्हणाले. मग माझ्याकडे पाहून थबकले. “बरोबर आहे ना?”

“नाही. ती शनिअमावास्या आहे. मी शिंगणापूरला जाणार आहे. मोजताना आपला एक दिवस सुटला.”

“हे कधी कळलं तुम्हांला?”

“आपण आकडा दिलात तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारले नव्हते. लहानपणी गुरुजींनी वेदांची संथा देताना हेच शिकवले. मिळाले तसे धरायचे, तसेच पुढे द्यायचे. आपले शहाणपण त्यात घालायचे नाही.”

तारमास्तर सरसावून बसले. “आवो, तारेचं बी तसंच हाय! चुकीचं लिवून दिलं तर चुकीचंच धाडायचं. सुधारायला गेलो तर नोकरी जाईल!”

“म्हणजे चूक मेमरीची नव्हे,” विज्ञानशिक्षक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “चूक माझी.” आणि तिघेही हसलो.

मग प्रश्न निघाला, की चुकीचे उत्तर देताना यंत्राला काही वाटत असेल का. त्यावर बोलता बोलता ऊन ओसरीवरून उतरले. संध्येची वेळ झाल्याचे मला तारमास्तरांनी सांगितले, तेव्हा कळले.

अर्घ्य देऊन मी परत आलो. दोघे मुकाट बसले होते.

“का थांबलात?” मी विचारले.

तारमास्तर सरकून मला जागा देत म्हणाले, “मेमरीच भाईर गेल्ती. मशीन चालंल कसं?”