नवऱ्याचं नाव अन् बालवाडीची नोकरी

गल्लीतल्या बायांनो, हे मीच लिहून नळाच्या भिंतीवर लावलं. जिले वाचता येते तिनं बाकीच्याइले वाचून दाखवा.

आज जठारपेठेतल्या बालवाडीत आयाच्या कामासाठी गेली होती. तिथला बाबू मले पाहताक्षणी पटला नाही. म्हणे, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

आता आपण काय नवऱ्याचं नाव तोंडानं घेतो? दरवेळी शेजारची शेवंता माह्यासाठी सांगते. आज ती सोबत नव्हती.

बाबू हसला. "नाव नाही सांगत, तर दुसरीले घेतो." बाहेर एक पोरगी त्याले मामा म्हणत होती, ते मी येतानाच ऐकलं होतं.

मी खडू उचलला अन् फळ्यावर मोठ्या अक्षरात आमच्या मालकाचं पुरं नाव लिहिलं. बालवाडीच्या मोठ्या बाई दारातून पाहून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "सोमवारपासून या."

बाबूचं तोंड पाहासारखं झालं.

प्रौढांचा वर्ग निघाला तवा मीच म्हणत होती, फुकट कोण शिकवते, मास्तरचा काही डाव असन. तरी गेली अन् लिहावाचाले शिकली. अजूनही वाटते, असन. पण आता तो डाव कागदावर आला तर मले वाचता येईन. तुमी वर्गाले न येता काहून घरी बसून राहिल्या?