विहिरीत खडा टाकणारे काका

"वाजवून बघू आधी." आमच्या गल्लीतले काका काहीही समोर आलं की हेच म्हणायचे. माठ घेताना ठीक आहे हो, पण जावयानं आणलेल्या मिक्सरवरही त्यांनी बोटांनी टकटक करून कान लावला होता. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस. आवाज बरा नसेल तर वस्तू बरी नाही, विषय संपला. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेलच.

गारखेड्यातल्या आमच्या बैठ्या घरांवर बिल्डरांचा डोळा होताच. पण त्यातला एक जण वेगळंच बोलायला लागला. आराखडा म्हणे तुम्ही सांगाल तसा. कडुनिंब तोडायचा नाही, बसायला ओटे ठेवायचे आणि गल्लीतली बुजलेली विहीर पुन्हा जिवंत करायची. संभाजीनगरात नळाची वाट बघून थकलेल्या बायका हरखूनच गेल्या. मला मात्र खटकलं. इतकं गोड कुणी फुकट बोलतं का?

काकांना तर खटकणारच. "आधी इहीर उपसा, मग सही. घर पाडल्यावर आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?" आयुष्यभराची तेवढी एकच कमाई होती त्यांची. सगळ्यांच्या सह्या झाल्या, त्यांची अडली. गल्ली त्यांच्यावर चिडली.

बिल्डरनं खरंच गाळ काढला. चपला, थर्माकोलची मखरं आणि एक अख्खी सायकल निघाली. तळाला पाणी दिसलं. लोक पेढे आणायला निघाले, तर काका म्हणाले, "टँकर ओतला असंल."

मग ते रोज पहाटे विहिरीत खडा टाकून कान द्यायला लागले.

"काका, अजून विश्वास नाही का?" बिल्डरनं एकदा विचारलं.

"लई हाय. म्हणून तर बघतो."

मे सरला तरी खडा पाण्यातच पडत होता. तेव्हा कुठे त्यांनी सही केली, तीही अट घालून. विहिरीवर स्लॅब नाय, जाळी टाकायची, आणि जाळीतून खडा आत गेला पाहिजे. बिल्डर हसला. काका हसले नाहीत.

इमारत झाली, पण काका त्यात राहायला आले नाहीत. त्याआधीच गेले. तळमजल्यावर विहिरीसमोर काकू एकट्याच राहतात. मला त्यांच्या दाराकडे बघवत नाही.

परवा विहिरीपाशी सिमेंटच्या गोण्या दिसल्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, "पोरं पडतील हो. पक्कं झाकण टाकतो, वर दोन गाड्याही लागतील." मी काही बोलायच्या आत काकू खुर्ची घेऊन आल्या आणि विहिरीला टेकून बसल्या. "ह्यांची सही माघारी दे," त्या म्हणाल्या, "मग टाक झाकण." पाठोपाठ सगळी गल्ली खाली उतरली.

संध्याकाळी गोण्या गेल्या. त्या परत येणार, माझी खात्री आहे. म्हणून पहाटे खडा टाकायला आता मी जातो. काकू खिडकीतून विचारतात, "हाय का पाणी?"

आवाज ऐकू येईपर्यंत मी उत्तर देत नाही.