फलकाच्या तळाशी

आमचा फ्लेक्सवाला गिऱ्हाईक आलं की मान वर न करता विचारतो, "वाढदिवस का श्रद्धांजली?"

छोटं विमान कोसळून एक नावाजलेला क्रिकेटपटू गेला, त्या दिवशी फ्लेक्सवाल्याच्या मेहरूण भागातल्या दुकानात गर्दी उसळली. श्रद्धांजलीच्या फलकावर प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा होता. मलाही, माझ्या क्लासच्या नावासकट.

तो थकल्या आवाजात एकेकाला विचारत होता, "भाऊ, विमान चालवणारा पण गेला ना? त्याचं काही टाकू?"

"त्याला कोण ओळखतं?" सगळ्यांचं एकच उत्तर.

दुसऱ्या दिवशी चौकात थांबलो तेव्हा दिसलं. प्रत्येक फलकाच्या तळाशी बारीक अक्षरं होती, 'आणि वैमानिकालाही.' माझ्याही.

छापण्याआधी त्याने मला अख्खा फलक पडद्यावर दाखवला होता. मी फक्त माझा फोटो पाहिला होता.