दादाच्या हातांचं फडकं

आमच्या आईला डाग म्हणून सहन होत नसे. वडील लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये फिटर. म्हणजे रोज संध्याकाळी घरी तेलाने काळाकुट्ट झालेला माणूस यायचा आणि आई त्याला मागच्या दाराशीच अडवायची. घाटातून गाड्या ढकलत वर आलेली इंजिनं दिवसभर धूर सोडत, तरी रेल्वेच्या चाळीत आमच्या दोरीवरच्या चादरी सगळ्यांत पांढऱ्या. आपल्या घरात येशूच्या खालोखाल सोड्याचा मान आहे, असं मी म्हणायचे आणि पाठीत धपाटा खायचे.

अशा बाईच्या हातात देवाने तेल लागलेलं कापड द्यावं का? पण दिलं.

माझा मोठा भाऊ, दादा, फादर झाला त्या दिवसाची ही गोष्ट. गुरुदीक्षेच्या वेळी नव्या फादरच्या तळहातांना पवित्र तेल लावतात आणि दोन्ही हात पांढऱ्या पट्टीने बांधतात. ती पट्टी पुढे त्याच्या आईला मिळते. तिने ती जन्मभर जपायची, आणि ती गेली की तिच्या हातांना तीच बांधून तिला पुरायचं. मग म्हणे स्वर्गाच्या दारात तिला कोणी अडवत नाही. पट्टी बघूनच कळतं, ही फादरची आई.

हे आईला कोणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. आईने घरी येऊन तेलाचा डाग बघितला आणि सकाळी उठून पट्टी सोड्यात उकळली. आमच्या देवळाचे म्हातारे गोरे फादर अभिनंदनाला आले तेव्हा ती दोरीवर वाळत होती. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीतून आईला सगळं कळलं, तशी ती ओट्यावर मटकन खालीच बसली.

"लेकाचं तेल मीच धुऊन टाकलं गं!" ती म्हणाली. "आता मी मेल्यावर हातात काय घेऊन जाऊ?"

दादाने परोपरीने समजावलं, की तेल माझ्या हातांत मुरलंय, कापडात नाही. आई ऐकेना. जन्मभर डागांशी भांडलेली बाई एका डागासाठी रडत होती. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

टाकवे गावची एक मावशी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे टेकायची. शेतकरी बाई, तूप आणि आंबेमोहोर विकायला यायची, आणि गावात सुईणपणही करायची. आमच्या घरचं पाणी ती पीत नसे, स्वतःचा तांब्या बरोबर आणायची. "अक्का, राग मानू नगा, आमच्यात चालत न्हाई," असं दर खेपेला सांगायची आणि मग तासभर गप्पा मारायची. तिच्या लेकीची दोन बाळं आधी गेली होती आणि तिसरं व्हायचं होतं. आईने रागारागात ती पट्टी तिच्या टोपलीत टाकली. "घ्या, बाळाच्या डोक्याला बांधायला होईल. माझ्या आता काय कामाची?"

पाणी चालत नव्हतं, फडकं मात्र चाललं!

बाळ जगलं. मग वर्षं गेली. दादा कुठल्या कुठल्या गावी फादर म्हणून फिरला, सायकलवरून, बैलगाडीतून. तापाच्या साथीत त्याने माणसांची शुश्रूषा केली, शाळा काढल्या, लॅटिन शिकवलं. आमच्याकडे यायचा तो वर्षातून एकदा, दोन घास जेवायला. आणि एके दिवशी म्हातारे फादर आमच्या चाळीकडे चक्क पळत आले. एका बुटाची नाडी सुटलेली, टोपी हातात.

"बिशप! तुमचा मुलगा बिशप!"

बिशप म्हणजे शेकडो मैलांतल्या सगळ्या फादरांचा वरिष्ठ. तोवर आमच्या डोळ्यांना बिशप म्हणजे गोरा माणूस एवढंच ठाऊक. आणि आता फिटरचा मुलगा? चाळीत नुसता हलकल्लोळ झाला. वडिलांनी शेडमध्ये जाऊन सांगितलं आणि कोणीतरी इंजिनाची शिट्टी वाजवली, ती थांबवायलाच कोणी तयार नाही! मी रेल्वेच्या शाळेत शिकवत होते. फळ्यावरचं गणित अर्धं टाकून पळत घरी आले.

दीक्षेला जाण्याआधी दादा एक दिवस घरी आला. जेवता जेवता म्हणाला, "आई, बिशप करतानाही हातांना तेल लावून कापड बांधतात. मी तुझीच पट्टी बांधून घेणार आहे. मग ती परत तुझी. उद्या सकाळच्या गाडीने नेतो, काढून ठेव."

केवढी आनंदाची गोष्ट! आणि आईचा चेहरा मात्र तिच्या चादरींसारखा पांढरा. "देते हं," ती म्हणाली, "पेटीत आहे." बिशप होणाऱ्या मुलाशी धडधडीत खोटं! मग मला ओढत मागच्या दारी नेऊन ती कुजबुजली, "टाकव्याला पळ. आत्ताच्या आत्ता. पट्टी घेऊनच ये."

दुपारची गाडी मी धावत पकडली. कामशेतला उतरले, एका बैलगाडीवाल्या आबांच्या हातापाया पडले, आणि खडखडत, धक्के खात, नदी ओलांडून टाकव्यात पोचले. मावशी उखळाशी भात कांडत होती. मी धापा टाकत विचारलं, "ते फडकं?"

"त्ये व्हय? त्ये हितं कुटं! वाडीत गेलंय. लय गुणाचं फडकं हाय, पोरी. माजा नातू जगला, तवापास्नं ज्या घरात बाळातपन त्या घरात त्ये जातंय."

आम्ही दोघी वाडीवर पळालो. तिथे एका घरात पाच दिवसांचं बाळ होतं, आणि त्याच्या डोक्याला आमच्या दादाची पट्टी! पण त्या दिवशी नेमकी बाळाची पाचवी. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, तिची पूजा झाल्याशिवाय फडकं सोडायला बाळाची आजी तयार होईना.

"माझा भाऊ बिशप होतोय हो!" मी रडकुंडीला आले. "शेवटची गाडी चुकेल."

"आसंल की. ह्या पोराचं नशीब लिवायचं राहिलंय, त्याचं काय?"

शेवटी मावशीनेच मार्ग काढला. "म्हातारे, सटवाईला जरा लवकर बोलीव. तिला काय घड्याळ हाय व्हय?" मग दिवस मावळायच्या आतच पाटा मांडला, पूजा झाली, फडक्यावर हळदकुंकू वाहिलं आणि ते माझ्या हातात पडलं. तेल नाही, पण हळद, कुंकू, काजळ, बाळाने ओकलेलं दूध, सगळं होतं त्यावर! गाडी मी पकडली, पण कशी ते विचारू नका.

घरात पाऊल टाकते तोच आईने पट्टी बघितली आणि हात साबणाकडे गेला.

"आई, खबरदार!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की दादा बाहेर आला.

लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. सटवाईचंही. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. बिशपच्या हातांना सटवाईची हळद कशी चालेल? दादाने पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग विचारलं, "ह्यात किती बाळं जगली?"

"मावशीला मोजता येत नाही. अख्खी वाडी, असं म्हणाली."

दादा मोठ्यांदा हसला. पट्टीची घडी करून त्याने ती खिशात घातली. "आई, आता हिला पाणी लावायचं नाही."

दीक्षेच्या दिवशी एवढं मोठं देऊळ, एवढे बिशप, लॅटिनमधलं गाणं, धूप! आम्ही पुढच्या बाकावर. दादाचे हात तेल लावून बांधले आणि त्याने ते वर केले, तेव्हा हळदीचा डाग मला लख्ख दिसला. आईलाही दिसला. ती भर देवळात खुदकन हसली. मी तिला चिमटा काढला, आणि मग मलाच हसू आवरेना. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही, हे नवऱ्यासमोरही मी सांगते.

पट्टी आईच्या पेटीत गेली. पेटीला कुलूप लागलं. आता आईचा परवाना पक्का होता. कपाटावरच्या पेटीकडे बघत ती जेवायची. महिना झाला असेल नसेल, तोच मावशी दारात उभी. तांब्याही आणायला विसरलेली.

"अक्का, धाकली सून अडलीया. फडकं द्या."

आईने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. एकदा तिला मिळालेलं, दुसऱ्यांदा मिळालेलं, आणि पुन्हा हातचं जाणारं. तिने कुलूप काढलं.

"न्या. पण परत आणून द्या, बाई. मी मेल्यावर मला लागेल."

त्यानंतर ते फडकं पेटीत कमी आणि टाकव्यात जास्त राहिलं. आई कुरकुरायची आणि द्यायची.

दुसरी मोठी लढाई संपायच्या सुमारास आई गेली. फडकं तेव्हाही टाकव्यातच होतं. मी निरोप धाडला. दादा आला. आईला शवपेटीत ठेवलं आणि आम्ही थांबलो. आता ते मिळालं नाही तर? आईने आयुष्यभर स्वतःसाठी ही एकच गोष्ट मागितली होती.

आणि मग रस्त्याच्या वळणावर मावशी दिसली. काठी टेकत, मागे टाकव्याच्या पाचसात बायका. तिने पदराआडून फडकं काढलं, आणि मी किंचाळायची बाकी राहिले. पांढरंशुभ्र! रिठ्याने धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, घडी घातलेलं. तेलाचा मागमूस नाही.

"अक्का देवाकडं चाललीया," मावशी म्हणाली, "मळकं कसं द्यायचं? त्या कोपऱ्यातली हळद तेवडी निघंना बगा. लय घासली."

दादाचे डोळे भरून वाहत होते आणि तो हसतही होता. त्याने पट्टी आईच्या हातांना स्वतः बांधली, पिवळा कोपरा वर ठेवून.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "तिथं ओळख पटायला तेवढी पुरे."