डावऱ्याची बारा पोती

१७ ऑक्टोबर, चोवीस नाणी. वहीच्या एकशे बाराव्या पानावर ही नोंद होती. कोळसा, पोती बारा, दर दोन, एकूण चोवीस; दिले एकवीस, बाकी तीन. वही तीनशे वर्षांपूर्वीच्या एका किमयागाराची, पण ही ओळ सरांना स्वतःच्या घरच्या पत्त्यासारखी पाठ होती. त्यांची नोकरी, बढती आणि एकुलतं एक पुस्तक, हे सगळं या एका ओळीवर उभं होतं.

सर विद्यापीठात विज्ञानाचा इतिहास शिकवत. मुळात ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पण प्रयोगशाळेत त्यांच्या हातून इतकी काच फुटली, की शेवटी विभागप्रमुखांनीच त्यांना समजावलं, तुझी बुद्धी चांगली आहे, हात मात्र दुसऱ्या विभागात ने. ते इतिहासाकडे गेले. तिथे ग्रंथालयाच्या तळघरात, कुणी यादीतही न घेतलेल्या एका खोक्यात, त्यांना ही वही सापडली. पानांवर डाग, कडा जळलेल्या, अक्षर जुन्या वळणाचं. ते अक्षर लावायला त्यांना सहा वर्षं लागली. लिहिणाऱ्याचं नाव वहीत कुठेच नव्हतं. शाई मात्र प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे पुसटलेली, म्हणजे माणूस डावखुरा. सर त्याला डावरा म्हणू लागले आणि पुढे तेच नाव पुस्तकात गेलं.

इतिहासवाले सरांना रसायनवाले समजायचे आणि रसायनवाले इतिहासवाले. त्यामुळे दोन्हीकडच्या बैठकांतून त्यांची सुटका व्हायची. चहाच्या खोलीत एकतीस वर्षं एकच विनोद चालला.

"काय सर, झालं का सोनं?"

"झालं असतं तर चहा मी पाजला असता."

वर्गात मात्र ते या विषयावर चेष्टा खपवून घेत नसत. किमयागार म्हणजे भोंदू, असं एखाद्या विद्यार्थ्याने म्हटलं की ते खडू खाली ठेवत. हे लोक वजन करत होते, गाळत होते, ऊर्ध्वपातन करत होते, चुकलं तर चुकलं असं लिहून ठेवत होते; सोनं झालं नाही, पण तुमची प्रयोगशाळा झाली, असं ते सांगत. "आणि त्यांची एखादी कृती तुम्हाला जमली नाही, तर आधी स्वतःची उलटतपासणी घ्या. त्यांची नंतर." हे वाक्य दर वर्षी पहिल्या आठवड्यात ठरलेलं.

साऱ्या आयुष्यात त्यांनी किमयागारांची वकिली केली आणि नाव झालं ते त्यांतल्या एकाला दोषी ठरवल्याबद्दल.

ते असं. डावऱ्याने एका श्रीमंत धन्याला शब्द दिला होता, की तुमच्या दिवाणखान्याचं छत रंगवायला सोन्यासारखी पिवळी, चकाकणारी पूड करून देतो. कृती वहीत होती. कथील, पारा, गंधक आणि नवसागर खलून काचेच्या चंबूत भरायचं, चंबू गळ्यापर्यंत वाळूत पुरायचा आणि खालून चोवीस दिवस आच द्यायची. धन्याकडून चोवीस दिवसांची मजुरी घेतल्याची नोंदही होती. सव्वीस वर्षांपूर्वी सरांनी ही कृती विजेच्या शेगडीवर करून पाहिली. चोवीस दिवस आणि चोवीस रात्री शेगडी क्षणभरही बंद केली नाही. चंबूतून निघाला एक काळा, कोळशासारखा गोळा.

मग त्यांनी कोळसा मोजला. वहीत दुसरीकडे तीन अहोरात्र चाललेल्या एका ऊर्ध्वपातनाला तीन पोती लागल्याचं लिहिलं होतं. म्हणजे अहोरात्रीला एक पोतं. चोवीस दिवसांना चोवीस पोती हवीत. डावऱ्याने घेतली होती बारा, तीही पूर्ण पैसे न देता. पुढे अकरा पानं आणि वही संपते. सरांनी लिहिलं, मजुरी चोवीस दिवसांची घेतली, आग बारा दिवसही पेटती ठेवली की नाही कोण जाणे, कृती खोटी होती आणि माणूस पळाला. चौथ्या प्रकरणाचं नाव ठेवलं 'लबाडाचा कोळसा'. वर्तमानपत्रांनी ते प्रकरण उचलून धरलं. पुस्तक न वाचलेली माणसंही सरांना भेटून विचारत, तो कोळशाचा हिशेब काढणारे तुम्हीच ना? तो काळा गोळा बाटलीत बंद होऊन सरांच्या टेबलावर बसला. बायको त्याला 'तुमचे दागिने' म्हणायची.

सर निवृत्तीला आले त्या वर्षी प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. छपाईच्या चुका तेवढ्या दुरुस्त करा, म्हणाला, चौथ्या प्रकरणाला हात लावू नका. मुखपृष्ठासाठी त्याला वहीतल्या चित्रासारखा एक चंबू हवा होता. सर रसायनशास्त्राच्या इमारतीत मागच्या बाजूला काचमामाकडे गेले. काचमामा म्हणजे विभागाची काच फुंकणारा कारागीर. सरांनी विद्यार्थिदशेत फोडलेल्या काचेच्या जागी नवी काच त्यानेच फुंकून दिली होती आणि ते तो विसरला नव्हता.

"झाला का चंबू, मामा?"

"झालाय. उद्या न्या."

"झालाय तर आज का नाही?"

"भट्टीत आहे."

सरांनी बघितलं. बटण बंद होतं, दिवा विझलेला. "भट्टी तर बंद आहे."

"बंद आहे, गार नाही." मामाने फडक्याला हात पुसले. "आत्ता काढला तर जिन्यापर्यंत जाईस्तोवर तुमच्या हातात तुकडे राहतील. तसा तुमचा हात मला माहीत आहे, पण या वेळी दोष तुमचा नसेल. रात्रभर तिची तिला उतरू द्यायची. आग आम्ही दिवसा देतो, अर्धं काम रात्री होतं."

"रात्री वीज न लावता?"

"वीज कशाला? विटा आहेत की. दिवसभर प्यायलेली ऊब रात्रभर सोडतात."

सर वाकून भट्टीच्या विटांकडे बघू लागले. मग म्हणाले, "विटांच्या जागी वाळू असती तर?"

"वाळू तर विटांपेक्षा चिवट. एकदा तापली की लवकर सोडत नाही."

सर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. येणारे-जाणारे विद्यार्थी त्यांना वळसा घालून जात होते. चोवीस दिवस, बारा पोती. दिवसाला अर्धं. म्हणजे सूर्य असेपर्यंत आग आणि मग वाळूच्या भरवशावर रात्र. एका पोत्याचाही फरक नव्हता. बेरीज त्यांची बरोबर होती. त्या बेरजेला त्यांनी पुरावा मानलं, सूचना मानलं नाही. कृतीत लिहिलं होतं 'आच', त्यांनी अखंड आच दिली आणि माल जाळून टाकला. मग जळक्या मालाकडे बोट दाखवून माणसाला लबाड म्हटलं. दर वर्षी पहिल्या आठवड्यात सांगितलेलं ते वाक्य त्यांना आठवलं आणि कान गरम झाले.

घरी बायको इस्त्री करत होती. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि इस्त्री उभी ठेवली.

"काय हो, काय फोडलंत?"

"अजून काही नाही. डावरा रात्री आग विझवत होता."

"मग?"

"मग तो बहुतेक खरं बोलत होता."

"बहुतेक म्हणजे?"

"करून बघावं लागेल. चोवीस दिवस."

बायको निवृत्त शिक्षिका होती, गणिताची. तिने मनातल्या मनात पुढच्या पायऱ्या मांडल्या. "आणि जमलं तर तुमचं चौथं प्रकरण गेलं."

सरांची नजर टेबलावरच्या काळ्या गोळ्याच्या बाटलीकडे गेली.

"अहो, तीनशे वर्षं झाली त्या माणसाला जाऊन. त्याची अब्रू आता राहिली काय नि गेली काय. तुम्हाला अजून बाजारात जायचंय."

"करू नको म्हणतेस?"

"तसं कुठे म्हटलं? किती महाग पडेल ते सांगितलं." तिने शर्टाची बाही सरळ केली. "नाही केलंत तर रोज त्या बाटलीकडे बघत बसाल. ते मला जास्त महाग पडेल."

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी धूर बाहेर ओढणारं एक कपाट दिलं. सकाळी सहाला शेगडी लावायची, संध्याकाळी सहाला बंद. पाचव्या दिवशी चंबूला तडा गेला. मामाने न बोलता दुसरा फुंकून दिला, तळ थोडा जाड ठेवला, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. सरांना सगळ्यात जड जायची ती संध्याकाळ. बटणावर बोट ठेवताना वाटायचं, आणखी तासभर चालू ठेवावी, तेवढंच बरं. हीच त्यांची सव्वीस वर्षांपूर्वीची चूक होती. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब. सकाळी येऊन वाळूत तापमापक खुपसला की वाळू अजून चांगली तापलेली असायची. ते आकडा लिहून ठेवत.

मधल्या काळात प्रकाशकाचे चार फोन आले. सर सांगत, वाळूत आहे. प्रकाशकाला वाटलं, मास्तरांचं निवृत्तीआधीच डोकं फिरलं.

चोविसाव्या दिवसानंतर चंबू आणखी एक दिवस गार होऊ दिला. मग त्याच कपाटात मामाने त्याचा गळा तासून तोडला. तळाशी राखाडी गाळ होता. सरांनी बघितलं आणि मान फिरवली. मग एवढंच म्हणाले, "ठीक आहे. पुस्तक आहे तसं राहील." त्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं आणि ते स्वतःच्याच कानाला बरं वाटलं नाही.

"थांबा की," मामा म्हणाला. "तुम्ही तळ बघताय. वर बघा."

गळ्याच्या आतल्या बाजूने बोटभर रुंदीचं कडं जमलं होतं. पिवळंधमक, माशाच्या खवल्यांसारख्या पातळ पापुद्र्यांचं. मामाने हातमोजा घातलेल्या बोटाने एक पापुद्रा काढून कागदावर घासला. कागदावर सोन्याची रेघ उठली.

"हे सोनं नाही ना, सर?"

"नाही. कथील आणि गंधक."

"मग डोळे कशाला पुसताय?"

"धूर गेला."

"शेगडी कालपासून बंद आहे."

"बंद आहे, गार नाही," सर म्हणाले, आणि मामा हसला.

प्रकाशकाला मात्र हसू आलं नाही. "लोक ते पुस्तक लबाडासाठी घेतात, सर. लबाडच काढून घेतलात तर मी विकू काय? शेवटी बारीक अक्षरात एक टीप टाकू. तुमचंही समाधान, माझंही."

"त्याला मी अख्ख्या प्रकरणात बदनाम केलंय. टिपेत कसा सोडवू?"

"तो फिर्याद करायला येणार आहे का?"

"म्हणून तर मलाच जावं लागतंय."

पंधरा दिवस फोन आला नाही. सरांनी ते पंधरा दिवस आवृत्तीवर पाणी सोडल्यासारखेच काढले, पण नवं प्रकरण लिहीत राहिले. मग निरोप आला, छापतो, प्रती मात्र निम्म्या. सरांना त्या निम्म्याचं वाईट वाटलं नाही. या वर्षी निम्म्याशी त्यांची ओळख वाढली होती.

नव्या प्रकरणात त्यांनी चूक कुणाची, कधीची आणि कशी, ते सरळ लिहिलं. काचमामाचं वाक्य त्याच्या हुद्द्यासह घातलं. पळाला हा शब्द काढला. अकरा पानांनंतर वही का संपते ते माहीत नाही, असं लिहिलं. पिवळ्या पुडीची बाटली टेबलावर आली, पण काळा गोळा त्यांनी हलवला नाही. बायको म्हणाली, आता दागिन्यांचा जोड झाला.

एक गोष्ट राहिली होती. इतकं केलंच आहे तर डावऱ्याची कोळशाची उधारीही फिटलेली निघावी, असं सरांना फार वाटत होतं. ते तळघरात गेले आणि शेवटची अकरा पानं भिंगाखाली पुन्हा वाचली. काचेचे पैसे दिलेले होते. वाळूचे दिलेले होते. पडवीच्या भाड्याचेही. कोळसेवाल्याच्या नावाने काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पानं बायकोला वाचायला लावली. तिलाही सापडलं नाही.

त्यांनी प्रकरणाची शेवटची ओळ लिहिली आणि प्रकाशकाकडे पाठवून दिली. कोळसेवाल्याची तीन नाणी बाकी आहेत.