खणामागची वीतभर जागा

काल सुताराने आमच्या जुन्या टेबलाची मागची फळी काढली आणि सागाचा, वाळक्या सरसाचा कोंदट वास खोलीभर पसरला. त्या वासासरशी मी पारोळ्याच्या आमच्या ओट्यावर जाऊन पोचले.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ते टेबल घरीच बनवलं होतं. जाडजूड पाय, खाली पुस्तकांचं कपाट, वर रुंद खण. आईने नवा खण ओढला आणि आतून वितीने मोजला. मग टेबल बाहेरून मोजलं. बाहेरून एक वीत जास्त भरली. त्याच वर्षी नानांनी तुळशीसमोर तंबाखू सोडली होती. आईने खणात नाक खुपसलं आणि विचारलं, "मांगे काय दपाडेल शे हो?"

"काहीच नही," रंधा पुसत नाना म्हणाले.

"माले बठ्ठं समजस."

"मंग झायं तर!" म्हणून नाना गालात हसले.

ते हसू मलाही खोटंच वाटलं. आई तर मागे तंबाखूच लपवली आहे असं धरून पुढे कित्येक वर्षं तो खण हुंगत राहिली.

काल मी त्या जागेत हात घातला. पुडी नव्हती, चुन्याची डबी नव्हती. फळीचे दोन वीतभर तुकडे तेवढे निघाले. सुताराने ते खणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना मागच्या टोकाशी जोडून पाहिले. तंतोतंत बसले.

म्हणजे आईचा संशय खरा होता, नानांनी दपाडलं होतंच. शपथ मोडल्याचा आळ त्यांनी जन्मभर झेलला, पण आपल्या हातून खण चुकून आखूड कापला गेला हे काही तिला कळू दिलं नाही.